खुणेचा प्याला

मी एक प्याला आहे. बोलतोय म्हणून दचकू नका. काचेला आवाज असतोच, कुणी चमचा आपटेपर्यंत तो ऐकू येत नाही इतकंच. बोलायला बसलोय खरा, पण यातलं मला किती कळलं आणि किती मी आपलं पाहून ठरवलं, याची खात्री माझी मलाच नाही. काचेतून सगळं आरपार दिसतं, आणि दिसलं म्हणजे कळलं असं वाटून जातं.

माझा जन्म भट्टीतला. तापलेल्या काचेचा गोळा, एक लांब नळी आणि कुणाची तरी फुंकर. पोट मोठं, तोंड जरा आवळलेलं, खाली बारीक दांडी आणि गोल बैठक. रेड वाइन तळाशी थोडीशीच ओतायची, मला गरागरा फिरवायचं, की तिचा वास वर चढतो आणि माझ्या आवळलेल्या तोंडाशी दाटतो. तिथे माणसानं नाक घालायचं. माझं सगळं आयुष्य लोकांच्या नाकांशी गेलं.

चोवीस भावंडांसह मी एका दुकानात आलो. तिथे फक्त इटालियन रेड वाइन मिळायच्या. पुढे दुकान, मागे चव घेण्याची खोली: लांब टेबल, त्यावर पांढरा कागद, कोपऱ्यात सिंक. गिऱ्हाइकं यायची, नाक घालायची. कुणी डोळे मिटायचा आणि एक डोळा किलकिला करून आपल्याकडे कोण बघतंय ते पाहायचा. कुणी घोट घेण्याआधीच ‘वा!’ म्हणायचा. आपल्याला काही कळत नाही हे लपवायला माणसं किती कष्ट घेतात! तेवढ्या कष्टांत ते शिकूनही झालं असतं.

जिला खरंच कळायचं ती एकच. दुकानात तिला सगळे नाकताई म्हणत.

नाकताईचं नाक माझ्यात आलं की तिचा श्वास आत जायचा आणि तिथेच थांबायचा. दारात उभं राहून आत कोण कोण बसलंय ते पाहावं तसा. मग ती बोलायची. कियांती असली तर, “आंबट चेरी. आणि नुकतीच टोक केलेली पेन्सिल.” बारोलो असली तर गिऱ्हाइकाला म्हणायची, “रंगावर जाऊ नका. दिसायला फिकी, पण ही पावडर लावून आलेली आत्याबाई आहे. आधी गुलाबाचा वास, मग टोमणा.” लोक हसायचे आणि दोन बाटल्या जास्त न्यायचे.

तिची लाडकी मात्र अमारोने. द्राक्षं तोडून तीन-चार महिने सुरकुत्या पडेपर्यंत वाळवायची आणि मग त्यांची वाइन करायची. गडद, जाड, उबदार. “गोड होईल, गोड होईल असं वाटत राहतं,” नाकताई सांगायची, “आणि शेवटी कडू. नावातच कडू आहे बिचारीच्या, इटालियनमध्ये ‘अमारो’ म्हणजे कडू.”

दुकानाचा एक रिवाज होता. कुठलीही बाटली उघडली की पहिला घोट नाकताईला, सगळ्यांसमोर. तिनं मान हलवली की मग इतरांचे प्याले भरायचे. कधी बुचामुळे वाइन बिघडलेली असते, तिला कुबट वास मारतो. तसं असलं की नाकताई प्याला खाली ठेवून एकच शब्द म्हणायची: “परत.” बाटली परत जायची. मालकांना या सोहळ्याचा फार अभिमान. तिच्याआधी कुणी मत द्यायचं नाही, बाटली उघडणाऱ्यानंही नाही.

बाटल्या उघडायची ती धाकटी. ही नाकताईची मामेबहीण. नाकताईनंच शब्द टाकून तिला कामाला लावलेलं आणि हाताला धरून शिकवलेलं. “कडू आणि तुरट एक नव्हे गं. कडू लागतं, तुरट धरतं. हिरड्यांना धरलं ना? मग ते तुरट.” धाकटी घोकायची. पहिल्याच आठवड्यात धुताना तिनं मला नळावर आपटलं आणि माझ्या बैठकीचा टवका उडाला. ती रडायलाच लागली.

“रडतेस काय, शहाणे? प्याला आहे, पोर नाही,” नाकताई म्हणाली आणि मला फळीवर सगळ्यांच्या मागे दडवून ठेवलं.

तिथे मी दीड वर्ष होतो. धूळ बसली. मधे नाकताई बाळंतपणाला गेली. परत आली ती बाळाला पाचवा महिना लागल्यावर, आणि आल्या आल्या पहिल्याच दिवशी धाकटीला माझ्या फळीपाशी ओढून घेऊन आली.

“मला वास येत नाही.”

“सर्दी झालीय?”

“दोन महिन्यांचं बाळ होतं तेव्हा आठ दिवस ताप आला होता बघ. ताप गेला तो नाक घेऊनच गेला. परवा दूध करपलं. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं. गॅस चालू राहिला तर काय करू गं मी? दहादा उठून बटण बघते. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू.” मग म्हणाली, “बाळाच्या टाळूला वास असतो म्हणतात ना? असतो. पहिले दोन महिने मला येत होता. मी नीट घेतलाच नाही. म्हटलं, रोजचाच तर आहे.”

धाकटीनं तिचा हात धरला. तो हात खरा होता. मी अगदी जवळ होतो म्हणून सांगतो.

हे टेबल गेलं तर नाकताईकडे दुसरं काही नव्हतं. दुकान तिच्या नाकावर चालायचं, आणि तीही. म्हणून दोघींनी युक्ती काढली. चांगल्या बाटलीचं वर्णन नाकताई आठवणीतून करणार. बिघडलेली बाटली धाकटी उघडतानाच हुंगून ओळखणार, पण बोलणार नाही. ती फक्त माझ्यात ओतणार. बैठकीला टवका दिसला की नाकताईनं म्हणायचं, “परत.”

असा मी धुऊन-पुसून कामावर रुजू झालो. तीन महिने चाललं. तिचं नाक माझ्यात यायचं, श्वास आत जायचा आणि बाहेर यायचा. कुठे थांबायचा नाही. रिकाम्या घरात डोकावून परत फिरावं तसा. मग ती टवक्यावर बोट फिरवून म्हणायची, “परत,” आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. मला लाज वाटायची. का, ते नीट सांगता येणार नाही. मी तर मदतच करत होतो.

मग एकदा धाकटी मला पुसत असताना मालक आले. “ताईचं लक्ष आता घराकडेच असायचं,” ते सहज म्हणाले. “बाळ लहान आहे. पुढेमागे हे टेबल तुलाच बघायचंय.”

“काहीतरीच काय! ताई आहे ना,” धाकटी म्हणाली. पण मी कधीच कोरडा झालो होतो आणि ती मला पुसतच राहिली होती.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, एका मोठ्या हॉटेलच्या बाई आल्या. हॉटेलसाठी वाइन निवडायच्या होत्या. मालकांनी नवा कोट घातला होता. कियांती झाली, बारोलो झाली. नाकताईनं आत्याबाईचा विनोद केला, बाई हसल्या. मग अमारोने. धाकटीनं बूच काढलं, हुंगलं. तिच्या नाकपुडीपाशी एक आठी पडली. तिनं फळीवरून मला काढलं आणि घोटभर ओतलं. बुरसटलेली, ओल्या पुठ्ठ्यासारखी कुबट वाइन माझ्या पोटात आली.

तेवढ्यात नाकताईचा फोन वाजला. घरून होता. बाळाला शिंका येत होत्या. “किती आल्या?” असं विचारत ती पाठ वळवून खिडकीकडे गेली.

“अगं, टवका गेलेला प्याला ताईला देतेस?” मालक हळूच म्हणाले. “पाहुण्यांसमोर? आण तो मला.” त्यांनी मला उचलून बैठक तळहाताखाली झाकली. एक अखंड प्याला तिच्या जागी ठेवला आणि त्याच बाटलीतून स्वतः त्यात ओतलं.

धाकटीनं तोंड उघडलं. मी पाहिलं. मग मिटलं.

एक शब्द पुरला असता. नुसतं खोकली असती तरी चाललं असतं.

नाकताई आली. समोर अखंड प्याला. तिचा चेहरा सैलावला. तिनं प्याला फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले आणि जीव ओतून बोलली, “सुकलेली चेरी. मनुका. तंबाखूचं पान. आणि शेवटी तो देखणा कडवटपणा. बाई, याहून चांगली बाटली मी या वर्षात उघडलेली नाही.”

बाईंच्या प्याल्यात ओतली. त्यांनी हुंगली. पुन्हा हुंगली.

“राग मानू नका हं ताई, पण मला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. बंद घराचा असतो ना, तसा.”

मालकांचं नाक माझ्यात आलं. त्यांना फारसं कळत नसे, पण एवढं कळायला नाकताई असावं लागत नव्हतं. त्यांनी मला कागदावर ठेवलं आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, “परत.”

आता माझी बैठक उघडी होती. नाकताईला टवका दिसला. मग तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी बाटलीचं तोंड पुसत होती.

बाई गेल्यावर दोघी सिंकपाशी उभ्या होत्या.

“बोलायचं होतंस.”

“मालकांनीच प्याला घेतला, ताई. मी काय करणार? मला सुचलंच नाही.”

“सुचलं नाही,” नाकताई म्हणाली, “की सुचलं म्हणून गप्प बसलीस?”

धाकटीनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजात उत्तर द्यावं लागत नाही.

मालक चांगलेच वागले. चांगलं वागून माणसाला घालवता येतं, हे मला तेव्हा कळलं. “बाळ मोठं होईपर्यंत घरी आराम कर,” म्हणाले. निघताना तिनं मला उचललं. “हा टाकूनच देणार ना?” धाकटीला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता रुमालात गुंडाळलं.

आता मी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. रोज सकाळी ती माझ्यात काहीतरी टाकते. लिंबाची सालं, कॉफी, लवंगा. नाकाला पुन्हा सवय लावायची असते म्हणे. ती नाक घालते. श्वास जातो, येतो. मग ती बाळाला उचलून त्याच्या टाळूवर नाक ठेवते. बराच वेळ ठेवते. तिथून काय परत येतं ते तिच्या खांद्यांवरून कळतं.

काल धाकटी आली. दीड वर्षांनी, बाळाला लाकडी गाडी आणि ताईला अमारोने घेऊन. बाळ गाडीवर खूश झालं. दोघी हवापाण्याचं बोलत होत्या. मधेच धाकटीचा फोन वाजला. “हो, नाकताई बोलतेय,” ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाली.

नाकताई, म्हणजे आमची, उठली. कपाटात चार अखंड प्याले होते. तिनं खिडकीतून मला काढलं, सालं झटकली, घासलं, पुसलं आणि धाकटीसमोर ठेवलं. टवका तिच्या बाजूला करून. बाटली उघडली आणि माझ्यात ओतली. स्वतःला साध्या पेल्यात.

धाकटी टवक्याकडे बघत राहिली.

“ताई, बाटली चांगली आहे गं. मी हुंगून आणलीय.”

“हो ना. बाटली चांगलीच असणार.”

आमचीनं एक घोट घेतला. “कडू,” ती म्हणाली. “आणि तुरट. मला एवढंच उरलंय. बाकी काय आहे ते तू सांग.”

धाकटीचं नाक माझ्यात आलं. श्वास आत गेला आणि थांबला. अगदी तसाच थांबला. “सुकलेली चेरी,” ती हळू म्हणाली. “मनुका. तंबाखूचं पान. आणि शेवटी...”

“माझेच शब्द आहेत.”

“दुसरे कुणी शिकवलेच नाहीत.”

कुणी हसलं नाही. धाकटीनं सगळी वाइन संपवली, एकेका घोटानं, औषध घ्यावं तशी. निघताना बाळाचा पापा घेतला, आणि नकळत, सवयीनं, त्याची टाळू हुंगली. आमचीनं ते पाहिलं. दार जरा जोरातच लागलं.

शपथेवर सांगतो, वाइन उत्तम होती. पण ती माझ्यात ओतली म्हणजे कुणीतरी वाईट ठरायलाच हवं, अशी माझी गत झालीय. एकच मागणं आहे. प्याला टवका गेलेला असला तरी वापरा, नाहीतर फेकून द्या, पण त्याची खूण करू नका. खूण असली की माणसाला तोंड उघडावंच लागत नाही.

तळाशी जांभळं कडं वाळलंय. आमचीनं मला अजून धुतलेलं नाही. धुईल, सालं टाकेल, नाक घालेल. मी तोंड आवळून वास धरून ठेवीन, धरवेल तेवढा.