लांडगा, शेळी, कोबी आणि नावाडी

"त्या कुत्र्याबरोबर मी एकटी बसायची नाही, आधीच सांगून ठेवते," इडेला पायरीवरून म्हणाली. मांडीवर पर्स, डोक्यावर टोपी आणि चेहरा असा, की जणू वृद्धाश्रमच तिच्याकडे राहायला येणार होता.

"मग व्हर्नाबरोबर बस."

"तिच्याबरोबर? आईच्या ग्रेव्हीच्या भांड्यावरून कालपासून मला चोर म्हणतेय. बाकी सगळं विसरते, तेवढं बरं आठवतं रे!"

एल्मर टोलेफसनने पिकअपकडे पाहिलं. पुढे दोनच जागा, त्यातली एक त्याची. मागे व्हर्नाची झुलती खुर्ची होती. बूट्स कुत्र्याला मागे बसवलं, की तो पहिल्याच चौकात उडी मारून घरी परतायचा. म्हणजे बायको व्हर्ना, मेहुणी इडेला आणि कुत्रा, तिघांनाही पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात एकेक करूनच न्यायला हवं होतं. शेजारचा हाल्वरसन व्हॅन घेऊन येतो म्हणाला होता. एल्मरने त्याला "जमेल मला" म्हणून वाटेला लावलं होतं.

पोटासाठी एल्मरने जन्मभर धान्याच्या गोदामात कारकुनी केली; पण गावात तो ओळखला जाई साप्ताहिकातल्या कोड्यांच्या सदरामुळे. मोबदला, नाताळला एक टर्की. दर वर्षी नदीवरचा बर्फ फुटला, की तो तेच जुनं कोडं छापायचा. शेतकऱ्याकडे लांडगा, शेळी आणि कोबी. होडीत एका वेळी एकच मावणार. शेतकऱ्याची पाठ फिरली, की लांडगा शेळीला खाणार आणि शेळी कोबीला. आणि दर वर्षी हाउगेबाई नावाच्या एक वाचक विचारायच्या, "शेतकऱ्याला लांडगा हवाय कशाला?" एल्मर हसायचा. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याला हाउगेबाईंचं म्हणणं पटू लागलं होतं.

"इडेला, आधी तू चल."

"म्हणजे मी शेळी?"

"मी असं म्हटलं का?"

"मनात म्हटलंस."

तिला सोडून तो परतला, तेव्हा व्हर्ना आणि बूट्स एकमेकांना टेकून झोपले होते. या दोघांचं कधी भांडण नव्हतं. त्याने व्हर्नाला उठवून कोट घातला. गाडी पुलावर आली तशी तिने विचारलं, "कुठे चाललोय?"

"नदीपलीकडे."

"तूही ना?"

"मीही," तो म्हणाला. तेवढ्यापुरतं ते खरंही होतं. आश्रमवाल्यांनी तिघांनाही तपासलं होतं आणि एल्मरला सांगितलं होतं, "तुम्ही ठणठणीत आहात, इथे तुमचं काम नाही." इतक्या चांगल्या गुणांनी नापास झालेला तो पहिलाच असावा. व्हर्नाला मात्र त्याने हे सांगितलं नव्हतं.

तिथली मार्लिस नावाची परिचारिका म्हणाली, "राहू द्या की दोघी बहिणींना. मी आहे ना."

"माझं ग्रेव्हीचं भांडं कुठंय?" व्हर्नाने विचारलं. इडेलाने पर्स उगारली.

"यांना न्या परत," मार्लिस म्हणाली.

"मला परत कशाला?" गाडीत इडेला कडाडली.

"उत्तर तसंच आहे."

इडेलाला घरी सोडून त्याने बूट्सला नेलं. मग पुन्हा इडेलासाठी परतला. त्याचे गुडघे एव्हाना बोलू लागले होते. इतकी वर्षं हे कोडं छापलं, पण नावाड्याच्या गुडघ्यांबद्दल एकाही वाचकाने विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तिघंही पलीकडच्या काठावर होती. एल्मरने टोपी उचलली.

"निघालास कुठे?" व्हर्नाने विचारलं.

"घरी."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. प्रत्येक कोडं आधी तिच्यावर, न्याहारीच्या टेबलाशी तपासायचं, हा त्यांच्या संसाराचा नियम होता. टोस्टरमधून टोस्ट वर येईपर्यंत तिला उत्तर आलं नाही, तर चूक कोड्याची. एल्मर ते फाडून टाकायचा. फार थोडी फाडावी लागली होती.

"चुकतंय तुझं," ती म्हणाली. "नावाडी शेवटी याच काठावर असतो."

तेवढ्यात इडेलाने आपली खुर्ची ओढत आणली आणि बहिणीला खेटून ठेवली.

"जा तू," ती म्हणाली. "अंधार पडतोय. मी बसते हिच्याजवळ."

"ती चोर म्हणेल तुला."

"म्हणू दे. भांडं माझ्याकडेच आहे." मग डोळे वटारून, "हिला सांगितलंस तर बघ!"

टेबलाखालून बूट्सने इडेलाच्या घोट्याचा वास घेतला आणि चावण्याचा विचार पुढे ढकलला.

पुलावर एल्मरने गाडी हळू केली. शेजारची जागा इडेलासाठी पार मागे सरकवलेली होती. तिच्यावर कुत्र्याचे केस. या परतीच्या फेरीचा उल्लेख कुठल्याच उत्तरात नव्हता.

"व्हर्ना, पुढच्या आठवड्याचं ऐक," तो त्या जागेला म्हणाला. "तीन टोप्या लाल, दोन पांढऱ्या. तीन माणसं एकामागे एक उभी..."

त्याने कोडं शेवटपर्यंत सांगितलं आणि टोस्ट वर येईल इतका वेळ वाट पाहिली.

मग नियमाप्रमाणे चूक कोड्याच्या नावावर घातली आणि गाडी घराकडे वळवली.