शब्द जसेच्या तसे

तक्रार घेणाऱ्या बाईंनी अर्ज वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली आणि तो टेबलावरून परत सरकवला.

"काका, 'वसुलीच्या माणसाने अर्वाच्य भाषा वापरली' असं लिहिलंय. म्हणजे काय म्हणाला तो?"

टायपिस्ट खुर्चीत सावरून बसला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती; पण कोर्टात एकतीस वर्षं साक्षी टाइप केलेल्या माणसाने स्वतःला दुसरं काय म्हणवून घ्यायचं? अर्ज त्याने स्वतः टाइप केला होता. दीड इंच समास, विषय अधोरेखित, खाडाखोड शून्य. त्यात काही कमी असू शकेल ही कल्पना त्याला नवीन होती.

"अर्वाच्य म्हणजे... बोलू नये असं."

"ते कळलं. पण तो बोलला ना? कंपनी म्हणणार, आमच्या माणसाने नुसती आठवण करून दिली. मग मी त्यांना काय दाखवू, तुमचा समास?"

बाई त्याच्या लेकीच्या वयाच्या होत्या, आणि दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून त्यांचा आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता. त्यांनी समजावून सांगितलं. कर्ज आहे ते आहे, ते फेडावं लागेल. त्यावर चढवलेल्या दंडाचा हिशेब मात्र मागता येतो. आणि कर्ज काढलं म्हणून शिव्या खाव्यात, असं कुठल्याही करारात बारीक अक्षरातसुद्धा लिहिलेलं नसतं. धमकावणं, नातेवाइकांना फोन करून अब्रू काढणं, यातलं काहीच कंपनीला करता येत नाही. तक्रारीत फक्त तारीख हवी, वेळ हवी आणि शब्द जसेच्या तसे हवेत.

कर्ज बायकोच्या दातांचं होतं. वरची-खालची पूर्ण कवळी, अठरा हप्त्यांत. पंधरा वेळेवर गेले. मग पेन्शन कुठल्याशा टेबलावर अडकली आणि फोन सुरू झाले. आता सोमवारी लेकीच्या सासरी फोन करतो, असं त्या माणसाने सांगून ठेवलं होतं. आज गुरुवार होता.

"शब्द मला ठाऊक नाहीत," टायपिस्ट म्हणाला. "फोन घरी घेतात."

"घरी कोण?"

"आमची मंडळी."

"मंडळी म्हणजे किती जण?"

"एकच."

बाई हसल्या नाहीत. ज्यांनी ऐकलं त्यांच्या नावाने, त्यांच्या तोंडचं लिहून आणा आणि उद्या त्यांनाही घेऊन या, एवढं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

परत येताना टायपिस्टला उगाच एक जुनी साक्ष आठवली. साक्षीदार शिव्या सांगू लागला की त्याची बोटं आपोआप 'अश्लील शिवीगाळ केली' असं टाइप करून मोकळी व्हायची. साहेब खूश, वकील खूश, कागद स्वच्छ. एकदा एका बाईने सही करण्याआधी विचारलं होतं, मी सांगितलं ते यात कुठे आहे? त्याने बोट ठेवून ते तीन शब्द तिला दाखवले होते. तिने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं होतं आणि मग सही केली होती.

बायको जमिनीवर वर्तमानपत्र पसरून भाजी निवडत होती. त्याने टाइपरायटर काढला, त्यावरची धूळ गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली आणि कागद चढवला.

"ते लोक फोनवर काय काय बोलले, ते जरा सांग. लिहायचंय."

तीन महिन्यांत त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. तिने जुडी खाली ठेवली.

"सगळं?"

"हो. जसंच्या तसं."

तिने हात पुसले आणि स्टुलावर येऊन बसली. दात तोंडात नसल्याने तिचे शब्द कडेकडेने सांडत होते. पण तारखा तिला दूधवाल्याच्या खाड्यांसारख्या पाठ होत्या. चार तारीख, सकाळी सव्वाआठ.

"तो म्हणाला, म्हातारे, तोंडातले दात आमच्या मालकीचे आहेत. माणूस पाठवतो, तोंड उघडून बस."

यंत्र खडखडलं. तिने वाकून कागदावर बघितलं. 'दातांविषयी अपमानकारक उद्गार काढले.'

"मी असं म्हटलं नाही," ती म्हणाली.

त्याने कागद ओढून काढला आणि नवा चढवला.

मग ती सांगत गेली आणि तो टाइप करत गेला. अकरा तारखेचं, तेराचं, तेरालाच पुन्हा दुपारचं. काही शब्द असे होते की त्यांची अक्षरं त्या यंत्रावर इतक्या वर्षांत एकापुढे एक कधी उमटली नव्हती. ती ते किराण्याची यादी सांगावी तशी सांगत होती. एकदा फक्त थांबली.

"तेरा तारखेपासून मी दात घातले नाहीत. हे लिहायचं का?"

त्याची बोटं कळांवर तशीच राहिली. दात टोचत असतील, असं म्हणून त्याने तिला कोमट पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं होतं. दोन वेळा. तिने केल्याही होत्या.

"लिहू या," तो म्हणाला.

"एकवीस तारीख. तो म्हणाला, नवरा कुठे लपलाय तुझा? मी म्हटलं, बाहेरगावी गेलेत."

"एवढं कशाला?"

"जसंच्या तसं म्हणालात ना?"

"ते त्याने बोललेलं."

"मग यापुढचंही घ्या," ती म्हणाली, आणि भिंतीकडे बघत साहेबांनी मजकूर सांगावा तशी सावकाश सांगू लागली. "फोन वाजला की माझे पती न्हाणीघरात जातात आणि नळ सोडतात. मी फोन ठेवला की नळ बंद होतो. पूर्णविराम."

टायपिस्टने ते टाइप केलं. पूर्णविरामासकट.

दुसऱ्या दिवशी दोघं टेबलासमोर बसली. बाईंनी तिन्ही पानं वाचली. काही ओळींवर त्यांनी पेन्सिलने बारीक खुणा केल्या आणि चांगलं काम झालंय, असं मान न उचलता म्हणाल्या. कंपनीला आजच नोटीस जाईल, लेकीच्या सासरी फोन गेलाच तर लगेच कळवा, असंही म्हणाल्या. शेवटच्या ओळींशी त्या थांबल्या. त्या त्यांनी दोनदा वाचल्या.

"यांचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द, असं होतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "कोणी साक्षीदार असता तर बरं झालं असतं. पण तुम्ही नळाखाली होतात. त्यामुळे तुम्हाला ऐकू आलं नसणार. तसं असेल तर साक्षीदाराच्या सहीची ही जागा कोरी सोडते."

त्यांनी ती जागा दाखवली. निसटायची वाट मोकळी होती. बाईंनी ती चांगली रुंद करून दिली होती. टायपिस्टने बायकोकडे बघितलं. ती समोरच्या भिंतीवरची कार्यालयीन वेळ वाचत होती. दोनच ओळी होत्या, पण वाचून संपत नव्हत्या.

"नळाची धार बारीक ठेवायचो," तो म्हणाला. "सगळं ऐकू यायचं."

बायकोने भिंतीवरची नजर न काढता टेबलावरचं पेन त्याच्या बाजूला सरकवलं.