यादीतलं पहिलं नाव

आमच्या सात मजली कचेरीत आग लागलीच तर माणसं बाहेर कशी काढायची, हे बघायचं काम माझ्याकडे. दर तीन महिन्यांनी मी घंटा वाजवतो, माणसं उतरून पार्किंगमध्ये जमतात आणि मी हातात घड्याळ धरून यादीवर खुणा करतो. सरावात कुणी जीव मुठीत धरून पळत नाही. एक जण डबा घेऊन उतरतो, दुसरा फोनवर गप्पा मारत. आणि सकाळी ज्या जिन्याने चढले, त्याच जिन्याने सगळे उतरतात. मागचा जिना मोकळा पडलेला असतो. कानीकपाळी ओरडून मी थकलो, शेवटी नाद सोडला.

माझी थोरली बहीण याच कचेरीत सहाव्या मजल्यावर टेलिफोन सांभाळते. तिचे गुडघे कामातून गेलेत. एका सरावात ती जिना उतरेपर्यंत अकरा मिनिटं झाली आणि साहेबांनी चारचौघांत माझी बिनपाण्याने केली. तेव्हापासून घंटेच्या आधी मी तिला गुपचूप फोन करतो, "ताई, खाली ये." ती लिफ्टने उतरते, पार्किंगमधल्या बाकावर बसते. घंटा वाजायच्या आतच तिच्या नावापुढे खूण झालेली असते. वेळ पाच मिनिटांच्या आत येते, साहेब खूश, मीही खूश.

मंगळवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावर वायरिंग जळालं आणि घंटा आपोआप वाजली. धूर खरा होता, तरी लोक डबे घेऊनच उतरले, पुढच्याच जिन्याने. मी यादी काढली. हाताच्या सवयीने आधी ताईच्या नावापुढे खूण केली, मग बाकीच्यांच्या. एकशे बत्तीसपैकी एकशे बत्तीस, चार मिनिटं अकरा सेकंद. इतकी चांगली वेळ आजवर आली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

अग्निशमन दलाचा प्रमुख आला. "आत कुणी राहिलंय?"

"कुणी नाही," मी म्हणालो आणि यादी त्याच्या हातात दिली.

त्याने आपली माणसं दुसऱ्या मजल्यावर आगीकडे लावली. मग सहज माझी नजर बाकाकडे गेली. बाकावर कुणीतरी डबा ठेवला होता. बाकी काही नव्हतं.

पुढे मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. दोन जवान मागच्या जिन्याने वर गेले. तो मोकळाच होता. ताईला त्यांनी खुर्चीसकट खाली आणलं, तेव्हा घड्याळात एकवीस मिनिटं झाली होती. नाकपुड्या काळ्या, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी, पण शुद्धीवर होती.

भ्यालो की मला राग येतो.

"ताई, घंटा ऐकू नाही आली का तुला?"

"आली की," ती खोकत म्हणाली. "पण तुझा फोन कुठे आला होता? म्हटलं, चुकून वाजली असणार."