दोन्ही बाह्या डाव्या

आमच्या शिवणाच्या दुकानात कात्री एकच, मास्तरांची. मास्तर म्हणजे माझे यजमान. चव्वेचाळीस वर्षं कापणार ते, शिवणार मी; पण त्या कात्रीला हात लावायची माझी प्राज्ञा नव्हती. एकदा मी तिनं साधा कागद कापला, तर स्वारी दोन दिवस फुगून बसली. "परक्या हातात कात्री द्यायची नसते, धार जाते," म्हणे. मी परकी! असं कडाक्याचं भांडले की शेजारच्या चष्मेवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

बायपास करा म्हणून मीच हात धुऊन मागे लागले होते. ते म्हणत होते, "चालतंय तोवर चालू दे गं." मी ऐकते कसली! ऑपरेशन झकास झालं. आठवड्यात घरी आले, महिन्याभरात जिना चढायला लागले. पण चहात साखर घातली का, हे तीनतीनदा विचारायचे. डॉक्टर म्हणाले, "या वयात मोठ्या ऑपरेशननंतर काहींचं असं होतं. बऱ्याच जणांचं सुधारतं. थोडी वाट बघू." आठ महिने बघितली.

परवा वकीलबाईंचा काळा कोट त्यांनी आपणहून कापायला घेतला. खडूच्या रेघा तशाच सरळ, हात तसाच ठाम. माझा जीव भांड्यात पडला. मग मी शिवायला बसले आणि बघते तर काय, दोन्ही बाह्या डाव्या. एक कापली की नमुना उलटा ठेवून दुसरी कापायची, हे शिकाऊ माणूससुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो.

मी तसंच कापड धावत जाऊन आणलं. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर घरातल्या कात्रीनं उजवी बाही कापली. जास्तीची डावी मशीनखाली दडवली. आज नेमकी तीच त्यांच्या हाती लागली. कोटाच्या डाव्या बाहीवर ठेवून बघितली, तंतोतंत बसली.

"ही कुणी कापली?"

"मी. चुकले."

त्यांनी आरडाओरडा करावा, दुकान डोक्यावर घ्यावं, एवढंच मला हवं होतं. त्यांनी खडूच्या रेघेवरून बोट फिरवलं. "रेघ माझी आहे गं. आणि तुला खोटं बोलता येत नाही, अजूनही."

मग कात्री उचलून माझ्या हातात दिली. माझी बोटं एकेक करून मुठीत बसवली.

"परक्या हातात नको, म्हणतो ना मी? मग तूच ठेव."

"भांडा ना हो माझ्याशी," मी म्हटलं. मला रडू आवरेना. "तुम्हाला हौस नव्हती, मीच ढकललं तुम्हाला त्या टेबलावर. भांडा की!"

ते स्टुलावर बसले. समोरचा चहाचा कप उचलून त्यात बघत राहिले.

"साखर घातलीस का गं?"

"घातली," मी म्हटलं.