संगणकात अडकलेला पोकलेन

मी एक जुना पोकलेन आहे. मित्रांनो, इमारतीचा पाया खणताना ज्याचा लांब पिवळा हात तुम्ही कुंपणाच्या फटीतून पाहिला असेल, तोच मी. आज माझे अंग धुतले आहे, चेनपट्ट्यांना ताजे ग्रीस लावले आहे आणि मी इतका खुशीत आहे की तुम्हाला सगळे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यातून मी थेट नवी मुंबईत आलो. मारोती माझा पहिला ऑपरेटर, आणि आजही तोच आहे. आम्ही दोघांनी किती पाये खणले, किती नाले रुंद केले! तेव्हा यार्डातले श्यामसुंदरकाका फोन करून मला कामावर धाडत. पुढे यंत्रे वाढली, प्रकल्प वाढले. कोण कुठे आहे हे एका माणसाच्या डोक्यात मावेना. मग कंपनीतल्या ऋषीने त्यासाठी एक साधन बनवले. त्याला सगळे एपीआय म्हणत. संगणकातली एक खिडकीच म्हणा ना! कोणते यंत्र, कोणत्या प्रकल्पावर, कधीपासून कधीपर्यंत, अशी मागणी ठरलेल्या पद्धतीने तिथे पाठवायची. खिडकीने होकार दिला की गेटपास निघे आणि ट्रेलर मला न्यायला येई.

साधन उत्तम होते. पण ते कसे वापरायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. कोणी विचारले की ऋषी हसत सांगायचा. मग त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि तो गेला.

जुईनगरचे काम संपवून मी उलव्याच्या यार्डात परतलो. पण ते काम संपले हे खिडकीला कसे कळवायचे, ते कोणालाच ठाऊक नव्हते. मला कोणी मागितले की ती सांगायची, 'यंत्र जुईनगरला कामावर आहे.' अख्खा पावसाळा मी यार्डात उभा राहिलो. चेनपट्ट्यांतून गवत वर आले, बकेटमधल्या पाण्यात बेडूक राहायला आले. मारोती अधूनमधून मला चालू करून बघायचा, तेवढाच काय तो आधार. एकदा एक भंगारवाला माझ्या पत्र्यावर टकटक करून गेला. मित्रांनो, त्या दिवशी मी फार घाबरलो.

आणि मग संध्या आली! या साधनाचे माहितीपत्रक लिहायला कंपनीने तिला नेमले होते.

"मारोतीदादा, ज्यांच्याबद्दल लिहायचंय ती यंत्रं मी पाहिलीच नाहीत. दाखवता का?" ती म्हणाली. माझा नंबर पाहून ती थबकली. "हा तर जुईनगरला आहे ना?"

"कुठलं जुईनगर, मॅडम? पावसाळ्याच्या आधीपासून हितंच हाय."

संध्या हसली. मग तिचे हसू मावळले. ती माझ्या सावलीत बसली आणि लॅपटॉपवरून एकेक मागणी पाठवून खिडकी काय उत्तर देते ते लिहू लागली.

तेवढ्यात मारोतीचा फोन वाजला. दिवाळे गावातल्या कामावरून इंजिनिअर आकाश बोलत होता. "दादा, खाडीचा बांध फुटलाय. इथला जेसीबी तिथवर पोचत नाही, लांब हाताचंच मशीन पाहिजे. दुपारी भरती आहे."

फोनवर त्याच्यामागून एका बाईचा आवाज आला. "आमची घरां खालीच हायेत रं, लवकर ये!"

मारोतीने ऑफिसात गेटपास देणाऱ्या चंद्रशेखरसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "सिस्टमने होकार दिल्याशिवाय गेटपास निघत नाही, मारोती. वाटेत काही झालं तर विमासुद्धा मिळणार नाही. मी काय करू?"

"थांबा," संध्या म्हणाली. "जुन्या नेमणुकीची शेवटची तारीख भरली की हा मोकळा व्हायला पाहिजे. मी आत्ताच तसं लिहिलंय, पण करून बघितलेलं नाही."

तिने आजची तारीख भरली आणि दिवाळ्यासाठी मागणी पाठवली. नकार आला. पुन्हा पाठवली. पुन्हा नकार.

"आजची तारीख..." संध्या स्वतःशीच पुटपुटली. "म्हणजे आजचा दिवसही सिस्टम जुईनगरच्याच खात्यात धरतेय!"

तिने कालची तारीख भरली. मागणी गेली. तिने आलेले उत्तर वाचले. मग हळूच म्हणाली, "दादा, नेमणूक झाली."

मारोती उडी मारून केबिनमध्ये चढला. मी खोकलो, काळा धूर सोडला आणि धडधडू लागलो. कित्येक महिन्यांनी मला कामावर निघतानाचा माझा आवाज ऐकू आला!

गेटपास निघाला, ट्रेलरने मला दिवाळे गावात पोचवले. तिथे मासळी वाळवायच्या जागेपर्यंत चिखल आला होता. मघाशी फोनवर ओरडणारी पुतळाबाई बायकांना घेऊन रेतीच्या गोण्या भरत होती. मी खडक उचलला, भगदाडात टाकला. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. वर माती ओतली, बकेटने दाबली. भरती चढत आली. बांधाला धक्के बसू लागले, एका कोपऱ्यातून पाणी झिरपले. मारोतीने माझा हात पार टोकापर्यंत ताणला आणि तिथे गोण्या दाबून धरल्या. पाणी बांधाशी आले, घुटमळले आणि ओसरले.

पुतळाबाईने चिखलाच्या हाताने माझी चेनपट्टी थोपटली. "मोठ्या कामाचा हाय रं तू," ती म्हणाली. असे कौतुक मी आयुष्यात ऐकले नव्हते.

त्यानंतर संध्याने ऋषीला फोन केला. त्यानेही मन लावून तिच्या सगळ्या शंका सोडवल्या. तिने प्रत्येक पायरी आधी करून पाहिली, मगच लिहिली, तीही कोणालाही समजेल अशा भाषेत. संगणकात अडकलेले माझे कितीतरी सोबती त्या माहितीपत्रकामुळे सुटले. रोलर गेला, क्रेन गेली. यार्डात आता आम्ही फक्त झोपायला येतो!

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी बनवाल. ते बनवून झाले की उठून जाऊ नका. ते कसे वापरायचे, कुठे अडते, अडले तर काय करायचे, हे मागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवा. आम्हा यंत्रांना तेल-पाणी तर लागतेच, पण आमच्याविषयी कोणीतरी खरे आणि नीट लिहिलेलेही लागते. नाहीतर धडधाकट यंत्रही उभ्या उभ्या गंजून जाते.

बाहेर ट्रेलर आला आहे. ऑफिसात नव्याने लागलेल्या पायलने ते माहितीपत्रक वाचून, कोणालाही न विचारता, आज मला मागवले आहे. शाळेचा पाया खणायचा आहे, मित्रांनो! मारोतीने किल्ली फिरवली. मी निघालो.