लालसूच्या रक्तातलं वऱ्हाड

माझ्या भावाच्या रक्तात मी पहिल्यांदा उतरले तेव्हा दुपार होती आणि चपला काढायचंही मला सुचलं नाही. लालसू ओसरीत बाजेवर पडला होता. तापाने ओठ फुटले होते. आरोग्य केंद्रात तपासणीसाठी त्याच्या बोटाला सुई टोचली होती, ते छिद्र अजून बुजलं नव्हतं. मी त्याचं बोट हातात घेतलं, छिद्रावर अंगठा टेकवला आणि आत गेले.

मी नागपूरला एका प्रयोगशाळेत असते. मलेरियाच्या जंतूंवर औषध का चालेनासं होतं, त्यांच्या जनुकांत नेमकं काय बदलतं, हे शोधायचं माझं काम. इतकी वर्षं त्यांना मी काचेवरच पाहिलं होतं. गोळ्या पूर्ण घेऊनही लालसूचा ताप पुन्हा चढला, असं त्याच्या बायकोने, प्रमिलाने, फोनवर सांगितलं आणि मी एटापल्लीची गाडी धरली. गोळ्या तिने स्वतः समोर बसून दिल्या होत्या. एकही चुकली नव्हती.

आत ऊब होती आणि संथ प्रवाह होता. पाणी गुडघ्याएवढं. त्यावरून लाल, गोल, मध्ये जरा दबलेल्या खोल्या वाहत होत्या. बहुतेक रिकाम्या होत्या. एकीच्या आत कुणीतरी हलत होतं, म्हणून मी भिंत हाताने बाजूला केली आणि आत वाकून पाहिलं. एक म्हातारी भिंतीचाच तुकडा मोडून खात होती.

"बस," ती म्हणाली. "लालसूची बहीण ना तू? नाक तेच आहे."

तिचा जन्म परवाचा, पण ती म्हातारी होती. तिने मला मागे स्वयंपाकघरात नेलं. तिथे औषध यायचं. पांढरी, कडू भुकटी छतातून झिरपायची आणि जमिनीवर साचायची. कमरेपर्यंत साचली की माणूस मरतो, असं तिने सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात मात्र भुकटी नव्हती. मागच्या भिंतीला एक लहानसं दार होतं आणि येईल तेवढी भुकटी त्यातून आपोआप बाहेर चालली होती.

हे दार कुणी बांधलं, असं मी विचारलं.

"कुणी नाही. माझ्या आजीच्या आजीचं घर उभं राहत होतं तेव्हा एक वीट वेगळ्या मातीची लागली. तिथे फट पडली. मग आम्हा सगळ्यांची घरं तशीच."

"आणि ज्यांच्या घराला दार नव्हतं?"

"त्यांच्याच खोल्या रिकाम्या आहेत," ती म्हणाली आणि पुन्हा खायला बसली.

मी पुढे गेले. दुसऱ्या वस्तीत सगळे झोपलेले होते. नुकती जन्मलेली तरुण माणसं, अंगाची अंगठीसारखी वेटोळी केलेली. त्यांच्या स्वयंपाकघरांना दारं नव्हती. पण लालसूच्या गोळीत दोन औषधं होती, आणि त्यातलं जलद औषध फक्त खाणाऱ्याच्या अंगात पेटतं. ही माणसं खातच नव्हती. ते औषध सकाळी येऊन त्यांच्या उशाशी ताटकळायचं आणि दुपारनंतर कंटाळून निघून जायचं. मग ती उठायची, जांभई द्यायची आणि जेवायला बसायची.

मला बरं वाटलं. हे वाचून कुणाला नवल वाटेल, पण वाटलं खरं. दारवाल्यांना झोपता येत नव्हतं आणि झोपणाऱ्यांना दार नव्हतं. जलद औषध दारवाल्यांना मारणार होतं, रेंगाळणारं औषध, म्हणजे ती पांढरी भुकटी, झोपणाऱ्यांना. थोडा जास्त वेळ दोन्ही लावून धरली, तर दोन्ही वस्त्या उठणार होत्या. मी वर आले आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना तसं सांगितलं. मला कसं कळलं ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या ओल्या पायांकडे पाहिलं आणि गोळ्या बदलून, जास्त दिवसांच्या दिल्या.

ताप उतरू लागला. प्रमिलाने पेज केली, लालसूने ती मागून प्यायली. त्याच सकाळी त्याला डुलकी लागली आणि झोपेत तो म्हणाला, "पोरीचं लग्न आहे. तुम्ही यायचं." आवाज त्या म्हातारीचा होता.

मी पुन्हा उतरले. आता जवळजवळ सगळ्याच खोल्या रिकाम्या वाहत होत्या. म्हातारी एकटीच उरली होती आणि तिच्या दाराशी भुकटी तुंबली होती, दुसऱ्या प्रकारची, त्या दारातून न जाणारी. तिने त्याकडे लक्ष दिलं नाही. तिने मला नवरी दाखवली. मुलगी चंद्रकोरीसारखी बारीक आणि वाकडी झाली होती. शेजारी झोपणाऱ्यांच्या वस्तीतला मुलगा उभा होता, तोही तसाच. दोघं काही खात नव्हती, वाढत नव्हती. औषध त्यांच्या अंगावरून पाण्यासारखं ओघळत होतं.

"लग्न इथे होत नाही," म्हातारी म्हणाली. "आमच्यात लग्न डासाच्या पोटात लागतं. ही दोघं कातडीशी जाऊन थांबतील. कुणीतरी न्यायला येईलच."

मला त्याचा अर्थ माझ्या कामामुळे माहीत होता. डासाच्या पोटात दोन्ही घरांच्या विटा एकत्र कालवल्या जातात. होणाऱ्या मुलांतल्या काहींना आईचं दार मिळणार होतं आणि बापाची झोपही.

चंद्रकोरींना मारणारी एक वेगळी गोळी असते. मी वर आले तोवर दुपार कलली होती आणि बाज रिकामी होती. डॉक्टरांनी ती दिलेली होती, पण फळीवर तशीच पडून होती. लालसू नाल्यावर अंघोळीला गेला, असं प्रमिला म्हणाली. मी गोळी घेऊन धावले. तो उघड्या पाठीने खडकावर बसला होता, पाय पाण्यात सोडून. ऊन सागांच्या शेंड्यांवर गेलं होतं. इतक्या दिवसांनी त्याचा चेहरा भावासारखा दिसत होता.

"ही घे," मी म्हटलं.

"बाई, ती उपाशीपोटी घेतली का मळमळते. घरी जाऊन जेवतो न् घेतो." त्याने गोळी कानामागे खोचली. "आता मले काही होत नाही. तू उगाच भिऊ नको."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काही होणार नव्हतं. मी त्याच्याशी भांडले, हात धरून ओढलं, तो हसला आणि पाण्यात आणखी पुढे सरकला. तेव्हा मी ठरवलं की त्या नवरा-नवरीलाच अडवायचं. बोटावरचं छिद्र बुजलं होतं. पाठीवर काट्याचा एक ओरखडा होता, अगदी अरुंद. मी अंग चोरून त्यातून आत शिरले.

दोघं कातडीच्या आतल्या बाजूला हात धरून उभी होती. मी नवरीला म्हटलं, जाऊ नकोस. तुझ्या लेकरांना कुणी आवरू शकणार नाही. ती म्हणाली, "मला कळत नाही तुम्ही काय म्हणता ते. मला जायचं आहे एवढंच कळतं." मी तिचा दंड पकडला. वरून एक नळी उतरली, सुईपेक्षा बारीक, आणि प्रवाह उलटा फिरला. मी दंड सोडला नाही. म्हणून मीही गेले.

डासाच्या पोटात गारवा होता. लग्न लागलं, अक्षता नव्हत्या, वाजंत्री नव्हती. दोघं एकमेकांत मिसळली आणि पुन्हा कुणाला दिसली नाहीत. मी बाहेर पडायला जागा शोधली. भिंतीबाहेर त्या दोघांच्या मुलांची एक गाठ वाढत होती आणि भिंत आत दाबत होती. दिवस गेले तशी ती मोठी झाली आणि मी भिंतीला पाठ लावून बसू लागले, मग गुडघे छातीशी घेऊन. एके दिवशी पहाटे गाठ फुटली आणि भिंत फाटली.

मुलं बाहेर आली. सगळी सुयांसारखी सडपातळ, सगळी एकाच दिशेला निघालेली. त्यांनी मला आपल्यात ओढून घेतलं. एका मुलीने माझं बोट धरलं. तिच्या पाठीला एक लहानसं दार होतं. ती चालता चालता झोपली होती.

आम्ही डासाच्या मानेतून पुढे सरकत होतो. वाट इतकी चिंचोळी झाली की मला श्वास घेताना तिच्याबरोबरच घ्यावा लागे. पंखांचा आवाज थांबला. डास कुठेतरी टेकला होता. समोर कुणाचीतरी कातडी होती, रुंद, कोवळी, तिच्यावर मऊ लव. ती कुणाची, हे ओळखायला मी धडपडले, पण इतक्या जवळून माणूस ओळखू येत नाही.

वर एक तळहात उचलला गेला. तो आमच्यावर पडावा, मुलं खाली उतरण्याआधी पडावा, अशी वाट पाहत मी डोळे मिटले नाहीत. सावली आमच्यावर आली. मुलीने झोपेतच माझं बोट घट्ट धरलं आणि खाली, त्या कातडीत, पाऊल टाकलं.