आईसाठी बाजूला झालेला पडदा

आमच्या गावात नवा आर्चबिशप आला की आधी आमच्या मठात येतो आणि मठप्रमुख मदरच्या बोटात अंगठी घालतो. त्याचं गावाशी लग्न लागतं ते असं. आताचे आर्चबिशप मोन्सिन्योर लात्तान्झिओंनी मदर इप्पोलितांना अंगठी घातली तेव्हा माझे सगळे दात शाबूत होते. पुढच्याच वर्षी याच नवरदेवानं आमचं रस्त्याकडचं दार विटांनी बुजवलं. रोमचा हुकूम होता म्हणे. आत आलेल्या ननने बाहेर पाऊल टाकायचं नाही आणि भेटीच्या जाळीवर कायमचा काळा पडदा. असला नवरा वैऱ्यालाही मिळू नये, असं मी भांडी घासताना म्हणायचे. मदर ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

माझी आई नान्नीना नदीवर धुणं धुवायची. दर रविवारी पडद्यापलीकडे येऊन बसायची, बोलायची. तिचं तोंड मात्र दार बुजवल्यापासून मी पाहिलं नव्हतं. यंदा चेस्टनट भाजायच्या दिवसांत निरोप आला, म्हातारी अंथरुणाला खिळलीय, आता काही खरं नाही. माझा चुलीवरचा हात थांबला. मला एकदा तिला बघायचं होतं, बाकी काही नको होतं.

त्याच आठवड्यात मोन्सिन्योर वार्षिक भेटीला आले. पायाच्या दुखण्यामुळे त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणतात आणि पडद्यापलीकडे ठेवतात. मी मदरच्या मागे उभी होते.

"अहो, पाय कसा आहे?" मदरनी विचारलं.

"ठणकतो. तुमच्याकडचं सूप पाठवा."

"पाठवते. पण आधी एक मागते. लग्नात मी काही मागितलं नव्हतं."

"मागा."

"आमच्या व्हेर्दियानाची आई जायला टेकलीय. मायलेकींची गाठ पडू दे."

"तिला बाहेर सोडता येत नाही. नियम मी लावलाय, मीच कसा मोडू?"

"बाहेर कोण सोडा म्हणतंय? म्हातारीला इथे आणा आणि पडदा बाजूला करा. हा पडदा लावलात तेव्हा तुमची आई होती का हो?"

"नव्हती."

"तरीच."

पलीकडे खुर्ची करकरली. मग त्यांनी विचारलं, "तिला चालता येतं?"

"उठताही येत नाही," मी म्हटलं.

"मग माझी खुर्ची न्या."

त्याच खुर्चीतून आई आली. मदरनी स्वतः पडदा सारला. आईनं जाळीतून बोटं घालून माझा गाल चाचपला.

"केवढी सुकलीस गं. जेवायला घालत नाहीत का?"

"स्वयंपाक मीच करते, आई."

"मग बरोबर. तुझ्या हातचं कोण खाईल?"

मी हसले आणि तिथंच ढसाढसा रडले.

आईच्या मागे मोन्सिन्योर काठीवर भार देऊन उभे होते, त्या दुखऱ्या पायावर, तोंड भिंतीकडे करून.

"अहो, वळा की," मदर हळूच म्हणाल्या.

"पडदा तिच्यासाठी उघडलाय. आपल्यासाठी नाही."

मदर त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिल्या. "फार म्हातारे झालात हो."

"तुमचा आवाज नाही झाला," ते भिंतीलाच म्हणाले.

आई दमली होती, म्हणून मी पडदा परत ओढायला हात घातला. मदरनी माझं मनगट धरलं.

"घाई करू नकोस गं," त्या म्हणाल्या. "बस अजून थोडा वेळ आईजवळ."